एका आवारात दोन दांडगे नर: भांडण ओळखणं, टाळणं आणि सोडवणं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरेबंदी घरांच्या आणि आंब्याच्या बागांच्या राखणीला आता गावठी कुत्र्यांच्या जोडीने रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, क्वचित केन कोर्सो किंवा पिटबुलही दिसतात. आधी एक असतो, मग कुणीतरी सुचवतं की जोडीला दुसरा आणा. दुसराही नरच येतो, कारण मादी म्हटली की पिल्लांची धास्ती. पिल्लू लहान असेपर्यंत सगळं गोडीत चालतं. थोरला त्याला आपल्या ताटातलं खाऊ देतो, दोघं पडवीत एकमेकांना टेकून झोपतात. मग धाकटा दीड-दोन वर्षांचा होतो आणि एके दिवशी मागीलदारी मासळी साफ करताना दोघे एकमेकांच्या मानेला लागतात.

घरच्यांना हे आभाळातून पडल्यासारखं वाटतं, पण वयाचा हिशोब पाहिला तर यात नवल नाही. कुत्रा अंगाने वर्ष-दीड वर्षात वाढतो, वागण्याने प्रौढ मात्र एक ते तीन वर्षांच्या दरम्यान होतो. पिल्लाला मिळणारी सूट तोवर संपलेली असते. थोरला जी आगळीक खपवून घेत होता ती आता घेत नाही, आणि धाकटाही आता मागे हटत नाही.

अशा वेळी दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकच सल्ला ऐकू येतो: त्यांचं त्यांना ठरवू दे, एकदा कोण मोठा ते ठरलं की गप्प बसतील. कृपा करून हे ऐकू नका. ४०-५० किलोचे दोन नर खरोखर भिडले तर त्यातून काही ठरत नाही. एक जबर जखमी होतो, दुसऱ्याला कळतं की चावल्याने काम होतं, आणि पुढचं भांडण याहून कमी कारणावर, कमी इशाऱ्यावर आणि जास्त जोराने होतं. म्हणून या लेखातली जवळजवळ सगळी मेहनत पुढचं भांडण होऊच न देण्यासाठी आहे.

वर्चस्वाबद्दल थोडं

लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, बाकीचे सतत त्याची जागा घ्यायला टपलेले असतात, ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून आली. त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये आपल्या पुस्तकातून हीच कल्पना जगभर पोहोचवली आणि पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोजची मारामारी नसते.

कुत्र्यांत वर्चस्व नसतंच असं नाही. पण ते दोन विशिष्ट कुत्र्यांमधलं, एखाद्या विशिष्ट गोष्टीपुरतं नातं असतं. खाण्याच्या ताटाजवळ थोरल्याचं चालेल, गाडीत मागच्या सीटवर धाकट्याचं. ‘हा कुत्रा वर्चस्व गाजवणारा आहे’ असं म्हणून हाती काही लागत नाही. ‘हा कुत्रा पडवीच्या दारात दुसऱ्याला अडवतो’ असं म्हटलं की उपाय सुचायला लागतो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं, मान पकडून हलवणं, गुरगुरला म्हणून काठीने हाणणं, हे बंद करा. गुरगुरणं हा इशारा आहे. मार खाऊन कुत्रा इशारा द्यायचं सोडतो, चावायचं सोडत नाही. आणि बहुतेक घरांत मार एकालाच पडतो, तोही दुसऱ्याच्या देखत. दुसरा जवळ आला की दुखतं, एवढंच त्याच्या मनावर ठसतं.

पहिलं काम: डॉक्टर

दोघांनाही जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, विशेषतः जो आधी शांत होता आणि अलीकडे चिडका झाला आहे त्याला. दुखणारं कुत्रं जवळ आलेल्याला सहन करत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, कान आतून चिघळणं आणि कातडीला खाज सुटणं फार चालतं. गोचिडांमुळे होणारा ताप कधी दबा धरून राहतो: कुत्रा थोडा मलूल, जेवण अर्धवट, आणि स्पर्श झाला की खेकसणं. त्यासाठी रक्ततपासणी करून घ्या. जड जातींत खुब्याचा सांधा मुळातच बिघडलेला असू शकतो. असा कुत्रा उठताना किंवा वळताना दुसऱ्याचा धक्का लागला की उसळतो.

दुसरं काम: वही

दोन आठवडे एक वही करा. प्रत्येक खटका, साधी गुरगुरसुद्धा, लिहून ठेवा: कुठे, किती वाजता, कोण माणूस जवळ होतं, जवळ काय वस्तू होती, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, आजीने सांगितलेलंही टिपायचं, कारण दिवसभर घरात तीच असते.

कोकणातल्या घरांत काही जागा या वहीत पुन्हा पुन्हा येतात. बेडं किंवा लोखंडी गेट, जिथे दोघे मिळून रस्त्यावरच्या कुत्र्यावर भुंकतात आणि तो निघून गेला की राग एकमेकांवर काढतात. गडग्यावर वानरं आली की तोच प्रकार. मागीलदार, कारण मासळीची डोकी तिथे पडतात. पडवीचं अरुंद दार, जिथून दोघांना एकाच वेळी जायचं असतं. मालकाची गाडी आली की तिचं दार. आणि भर दुपारी आवारात थंड सावलीची जी एकच जागा उरते, ती.

वही भरत आली की बहुधा दिसतं की दहातले आठ खटके दोन-तीन ठिकाणीच होतात. तिथूनच सुरुवात करायची.

कोणत्या खुणा पाहायच्या

लोक गुरगुरण्याची वाट पाहतात, पण त्याआधी बरंच काही होऊन जातं. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे स्तब्धता. हलणारं कुत्रं अचानक थांबतं, तोंड मिटतं, श्वास अडवल्यासारखं अंग ताठ होतं. नजर दुसऱ्यावर रोखली जाते किंवा मान तशीच ठेवून डोळा तिरका होतो आणि पांढरं दिसतं. शेपूट उंच आणि ताठ, हलली तरी टोकाशी थोडीशीच. शेपूट हलते म्हणजे खूश आहे, असं समजू नका.

एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी किंवा पंजा ठेवणं, आडवं उभं राहून त्याची वाट अडवणं, हे दिसलं की दोन-तीन सेकंदच हातात असतात. तेव्हा ओरडू नका आणि मध्ये हात घालू नका. सवयीच्या आनंदी आवाजात एकाला नावाने हाक मारून चालायला लागा, ‘चल, बाहेर’ किंवा ‘ये, जेव’ असं म्हणत. यासाठी ती हाक आधीपासून रोज खाऊ देऊन पक्की केलेली हवी. खेळताना मात्र दोघे आळीपाळीने खाली पडतात, अंग सैल असतं, मधेच थांबून अंग झटकतात. हे सैलपण गेलं की खेळ संपवा.

तिसरं काम: आवाराची मांडणी

सर्वांत जास्त फरक इथे पडतो आणि लोक सर्वांत जास्त टाळतात तेही हेच.

एकदा रक्त निघेपर्यंत भांडण झालं असेल तर किमान दोन-तीन आठवडे दोघांची नजरानजरही होऊ देऊ नका. मधे दोन अडसर हवेत, म्हणजे एक दार चुकून उघडं राहिलं तरी दुसरं असेल. एक पडवीत तर दुसरा मागच्या मांगरात किंवा पिंजऱ्यात. जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे, त्याने राग दिवसभर तापत राहतो. जाळीला नारळाच्या झापा किंवा दुपदरी शेडनेट बांधा. कमरेएवढा गडगा डॉबरमन सहज ओलांडतो, त्यावर भरवसा ठेवू नका. मुख्य गेटच्या आत दहा फुटांवर दुसरं छोटं गेट बसवलं तर पाहुणा किंवा गॅसवाला आला तरी दोघेही एकदम गेटवर पोहोचत नाहीत.

साखळीबद्दल वेगळं सांगायला हवं. बागेत राखणीचे दोन कुत्रे थोड्या अंतरावर, एकमेकांना दिसतील असे बांधण्याची रीत आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मागे हटायला जागा नसते, म्हणून तो पुढेच येतो. साखळी तुटली किंवा कडी निघाली की नेमका शेजाऱ्यावरच जातो. शिवाय रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता मिळतो. रात्री बंद पिंजरा हवा. पिंजऱ्याला नुसता पत्रा घालू नका, एप्रिल-मेमध्ये त्याखाली भट्टी होते आणि उकाड्याने हैराण जनावर लवकर चिडतं. पत्र्यावर झापा किंवा गवत टाका, पाण्याची भांडी दोघांना दोन आणि लांब लांब ठेवा.

जेवण कायम वेगळ्या खोल्यांत, दार लावून. दार उघडण्याआधी ताटं उचलायची. हाडं, नारळाची शेंडी, चघळायच्या वस्तू एकत्र असताना जमिनीवर नकोत. मासळीचा कचरा झाकणाच्या बादलीत, आणि मासळी साफ होईपर्यंत दोघेही आत.

मग पाळ्या. सकाळी सहा ते दहा एक मोकळा, दुसरा आत. नंतर उलट. जो आत आहे त्याच्याकडे काहीतरी करण्यासारखं हवं, उदाहरणार्थ करवंटीत चेपलेला दहीभात किंवा लपवलेला खाऊ शोधणं. दोघांनाही रोज स्वतंत्र फिरणं मिळालंच पाहिजे, तेही ऊन चढण्याआधी आणि सूर्य कलल्यावर. पाळ्यांवरच दोन्ही कुत्र्यांचं आयुष्य सुखात गेलेली घरं आहेत. कुत्र्यांना एकमेकांशी मैत्री करावीच लागते असं काही नाही.

चौथं काम: मुसकं

दोघांना पुन्हा जवळ आणण्याआधी जाळीच्या मुसक्याची सवय लावा. कापडी, तोंड आवळून धरणारं नको. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या हवेत तोंड बांधलं तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. जाळीच्या मुसक्यात तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे.

पहिले काही दिवस मुसकं फक्त ताटासारखं धरा, आत उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीचा तुकडा. कुत्रा स्वतःहून तोंड घालू लागला की पट्टा क्षणभर लावून काढा. मग मिनिटभर, मग फिरायला जाताना. पंजाने ओरबाडून काढू लागला तर घाई झाली आहे, एक पायरी मागे या.

पाचवं काम: समांतर चालणं

हे घरात किंवा आवारात करायचं नाही. दोघांपैकी कुणाचीच नसलेली मोकळी जागा हवी आणि ती आपल्याकडे आयती आहे: ओहोटीच्या वेळची रुंद पुळण. गुहागर, आंजर्ले, भोगवे असे किनारे सकाळी लवकर रिकामे असतात. ओहोटीची वेळ आधी पाहून जा, भरतीला चालायची पट्टी अरुंद होते आणि अंतर राखता येत नाही. किनाऱ्यावरच्या गावठी कुत्र्यांचा कळप कुठे बसतो तेही हेरून ठेवा. आणखी एक विनंती: वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या पुळणींवर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आणि पिल्लं असतात. तिथे कुत्रा एक क्षणही मोकळा सोडू नका.

माणसं दोन, दोघंही कुत्र्याला आवरू शकतील अशी. छातीचा पक्का पट्टा, सहा फुटांची जाड दोरी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी नको. मुसकी लावलेली.

सुरुवात एवढ्या अंतरावरून करा की दोघे एकमेकांना पाहतील पण ताठ होणार नाहीत. काहींना तीस पावलं पुरतात, काहींना शंभर लागतात. दोघेही एकाच दिशेने, समांतर चालायचं, माणसं आतल्या बाजूला, कुत्रे बाहेर. समोरासमोर आणायचं नाही. कुत्र्याने दुसऱ्याकडे पाहून पुन्हा तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ द्या. नजर खिळली तर दोरी न ओढता लांब वळा. वीस मिनिटं पुरे. दोघे कंटाळण्याआधी, बरं चाललेलं असतानाच थांबा.

अंतर दर काही फेऱ्यांनी थोडंथोडं कमी करा. एखादा दिवस बिघडला तर पुढच्या वेळी दुप्पट अंतरावरून सुरू करा. काही आठवड्यांत दोघे पाच-सहा फुटांवर सैल अंगाने चालू लागले, वाळू हुंगू लागले, एकाने मुतलेल्या जागी दुसरा शांतपणे हुंगून पुढे गेला, तर एकमेकांच्या मागच्या बाजूला दोन-तीन सेकंद हुंगू द्या आणि हाक मारून पुढे न्या. दोरी या वेळी सैल हवी. ताणलेली दोरी कुत्र्याची छाती पुढे काढते आणि तो आव्हान देतो आहे असंच दुसऱ्याला दिसतं.

यानंतरच आवार, तेही दोघे दमलेले असताना, खाणं-खेळणं काही नसताना, मुसक्यांसह आणि दहा मिनिटंच. माणूस नसताना दोघांना एकत्र सोडणं मात्र ज्या घरात रक्त निघालं आहे तिथे कधीच नको, कितीही महिने बरे गेले तरी.

खच्चीकरणाने किती फरक पडतो

नसबंदी केली की कुत्रा शांत होतो, हे अर्धसत्य आहे. माद्यांच्या मागे भटकणं, जागोजागी मुतणं, अंगावर चढणं आणि नरानरांतली चुरस यांत बऱ्याच कुत्र्यांत फरक पडतो. भीतीतून, दुखण्यातून किंवा ताट राखण्यातून आलेलं चावणं त्याने जात नाही, आणि भित्र्या कुत्र्यात ते कधी वाढूही शकतं. फरक दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. पक्की झालेली सवय शस्त्रक्रियेने पुसली जात नाही. रॉटवायलरसारख्या जड जातींत फार लवकर, वर्षाच्या आत खच्चीकरण केल्यास सांध्यांचे त्रास वाढतात असं दिसलेलं आहे, म्हणून वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. दोघांपैकी एकाचंच करायचं असेल तर कोणाचं, हेही वहीतल्या नोंदी दाखवून त्यांनाच विचारा.

भाद्रपद आणि बाकीचे अवघड दिवस

वर्षभर नीट चाललेलं घर भाद्रपदात कोसळतं, कारण सगळं एकदम येतं. गावातल्या कुत्र्या याच सुमारास माजावर येतात आणि त्यांचा वास वाऱ्यावर लांबून येतो. जेवण सोडून गेटवर येरझाऱ्या घालणारा नर बरोबरच्या नराला सहन करत नाही. त्यातच गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, घरात नवी माणसं, मुलं, फटाके, रात्रीची भजनं, ठिकठिकाणी प्रसादाची ताटं. आणि पावसाने आधीचे तीन महिने फिरणं कमी झालेलं.

आगोटीलाच, म्हणजे पावसाळा लागण्याआधीच, तयारी करा. मांगराचं दार, कड्या, जाळी दुरुस्त करून घ्या. गणपतीच्या दिवसांत दोघांना पूर्ण वेगळं ठेवा, पाळ्यासुद्धा कमी करा. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: हे दार उघडायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, मुलांनी पिंजऱ्याजवळ जायचं नाही. दाराला वरच्या बाजूला कुलूप घाला, सांगण्यावर भागवू नका. शिमग्याला ढोल-पालखीच्या वेळी आणि आंब्याच्या दिवसांत, जेव्हा बागेत गडी, टेम्पो आणि रात्रीची जाग असते, तेव्हाही हेच.

भिडलेच तर

हात मध्ये घालू नका, गळ्याचा पट्टा पकडायला जाऊ नका. माणसांना बहुतेक चावे इथेच बसतात, आणि चावणारा स्वतःचा लाडका कुत्राच असतो. मुलांना आधी आत पाठवा.

झाडांना पाणी घालायचा पाइप जवळ असेल तर जोराची धार नाकातोंडावर मारा. नसेल तर फळी, प्लास्टिकची खुर्ची, आंब्याचं क्रेट दोघांच्या मधे ढकला. कांबळं किंवा ताडपत्री डोक्यावर टाकली तर क्षणभर गोंधळ होतो, तेवढा पुरतो. यातलं काही एक आत्ताच पडवीत कायमचं ठेवून द्या.

दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीजवळ धरून उचलायचे आणि मागे मागे, अर्धवर्तुळात फिरत न्यायचं, म्हणजे त्याला वळून चावता येत नाही. बंद दारापाशी पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. एकटे असाल तर जास्त आक्रमक असलेल्याच्या मागच्या मांड्यांपुढून कमरेभोवती दोरीचा फास टाका, दोरी खांबाला बांधा आणि मग दुसऱ्याला मागून ओढा. एकाने दात घट्ट रोवून धरले असतील, पिटबुल जातकुळीत हे जास्त होतं, तर ओढू नका, मांस फाटतं. पकड सुटेपर्यंत पाय धरून दोघांना स्थिर ठेवा.

सुटल्यावर दोघांना वेगळ्या बंद खोल्यांत ठेवा. दाताची जखम वरून लहान भोक दिसते, आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते आणि दोन-तीन दिवसांत पू होतो. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. मान, छाती किंवा पोटाला चावा असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा श्वास जड असेल तर रात्री असली तरी निघा.

माणसाला चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी बसू नका, लसीचं कार्ड सोबत न्या. रक्त निघालं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं का ते विचारा. तुमच्या कुत्र्याने बाहेरच्या कुणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एकाला दुसरं घर द्यायचं ठरलं तर

घरात लहान मुलं असतील, दारं सांभाळायला माणूस नसेल, किंवा भांडणं नीट बंदोबस्त असूनही होत असतील, तर एकाला दुसरीकडे देणं हा प्रामाणिक निर्णय आहे. घेणाऱ्याला वही दाखवा, काहीही लपवू नका. दुसरा कुत्रा नसलेलं घर पाहा. बागेवर एकटा बांधून टाकायला मागणाऱ्याला देऊ नका, आणि झुंजी लावणाऱ्यांच्या हाती तर कधीच नाही, प्राण्यांच्या झुंजी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेत.

आणि ज्यांच्याकडे अजून एकच नर आहे आणि दुसरा आणायचा विचार आहे, त्यांनी मादी आणावी. तिचं योग्य वयात ऑपरेशन करून घेतलं की पिल्लांची चिंता राहत नाही. थोरला तीन वर्षांचा होऊन त्याचा स्वभाव पुरता कळेपर्यंत थांबावं. एकाच वेतातले दोन नर एकदम घेऊ नयेत, दोघे एकाच वेळी प्रौढ होतात. पिल्लू आणायला जाताना थोरल्याला घेऊन जा आणि दोघांची पहिली गाठ आवाराबाहेर, रस्त्यावरच पडू द्या.